बिनरसायनाची डबी

बाळ घरात आलं की आईची नजर बदलते. कालपर्यंत बिनधास्त वापरलेल्या बाटल्यांवर संशय येतो. या घरातल्या सूनबाईंचंही तसंच झालं. बाळाच्या क्रीमवर 'प्रिझर्व्हेटिव्ह' हा शब्द दिसला आणि सगळ्या ट्यूब कचऱ्यात गेल्या.

मग तिनं स्वतःच क्रीम केलं. तेल, मेण, कोरफडीचा ताजा गर. पांढरंशुभ्र, लोण्यासारखं. डबीवर वळणदार अक्षरात लिहिलं, 'रसायनमुक्त'. सासूबाई म्हणाल्या, "झकास झालंय. फक्त कुणी ब्रेडला लावू नका." इमारतीतल्या पाच जणींनी डब्या मागून नेल्या.

रविवारी नणंद आली. ती प्रसाधनांची सुरक्षितता तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते. बाथरूममधली तीन आठवड्यांची डबी तिनं उचलली.

"वहिनी, चमचाभर नेऊ?"

"ने की. तुमच्या लॅबलाही कळू दे शुद्ध काय असतं ते."

गुरुवारी दुपारी ती परत आली आणि मोबाइलवर फोटो दाखवला. काचेची गोल ताटली, तीत पिवळट ठिपके दाटलेले.

"हे काय, मोहरी सांडली?"

"तुझ्या क्रीममधले जंतू. एकेक ठिपका म्हणजे त्यांची अख्खी वस्ती."

"पण वाससुद्धा येत नाही गं त्याला."

"जंतू काय दार वाजवून येतात? गरात पाणी असतं. त्यात रोज बोटं बुडतात, वर बाथरूमची ऊब. त्यांची सोय तू केलीस आणि प्रिझर्व्हेटिव्ह नावाच्या राखणदाराला हाकलून दिलंस."

"म्हणजे ती रसायनं चांगली?"

"सरसकट चांगली नाहीत, वाईटही नाहीत. काहींची कुणाला ॲलर्जी येते, काही तान्ह्या बाळांना चालतच नाहीत. म्हणून तर आम्ही मोजतो. किती घातलंय, कुणाच्या त्वचेवर, लगेच धुऊन जाणार की दिवसभर राहणार. शिवाय क्रीममध्ये मुद्दाम जंतू सोडतो आणि अठ्ठावीस दिवस बघतो, मरतात की माजतात."

"म्हणजे सुनेची सासरी होते तशी परीक्षा," सासूबाई म्हणाल्या.

"आमची अठ्ठावीस दिवसांत संपते, आई."

सूनबाई हसली नाही. खालच्या मजल्यावरच्या शिक्षिकेला तिनं कालच पाचवी डबी दिली होती. त्या शिक्षिकेचं बाळ दीड महिन्याचं, मांड्यांवर लालभडक पुरळ.

"मुदत संपली म्हणून सांगते आणि घेऊन येते," ती पुटपुटली.

"मग पुढच्या आठवड्यात ती ताजी डबी मागेल. तेव्हा काय सांगशील?"

सूनबाई उठली. नणंदेचा मोबाइल घेऊन ती जिना उतरली.

शिक्षिकेनं दोनदा क्रीम लावलं होतं. सगळं ऐकून तिनं फोटो निरखून पाहिला. "तू एवढी वाचणारी, म्हणून मी काही विचारलंच नाही," एवढंच ती म्हणाली. ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

दोघींनी मिळून बाळाच्या मांड्या धुतल्या आणि दोन्ही बाळांना घेऊन दवाखाना गाठला. डॉक्टरांनी दोघांनाही नीट तपासलं. सूनबाईच्या बाळाची त्वचा ठीक होती. शिक्षिकेच्या बाळाचं पुरळ साधंच होतं, चिघळलेलं नव्हतं. सूनबाईच्या जिवात जीव आला.

संध्याकाळी ती उरलेल्या चारही दारांवर गेली. एकीनं तोंड वाकडं केलं, एक म्हणाली, "मी टाचांना लावत होते, टाचा अजून जागेवर आहेत." सगळ्या डब्या परत आल्या. त्या रात्री सूनबाईला शांत झोप लागली. शिक्षिका आता बाळासाठी काही नवं आणलं की वर येते, आणि दोघी मिळून नणंदेला फोन लावतात.

वाचकहो, आईची माया कितीही खरी असली तरी मायेनं जंतू मरत नाहीत. 'यात काहीच घातलेलं नाही' असं कुणी अभिमानानं सांगितलं की आपण लगेच विश्वास ठेवतो. त्याऐवजी दोन प्रश्न विचारू या: जे घातलंय ते किती आहे, आणि हे कुणी तपासलंय? आणि आपल्याच हातून चूक झाली असेल, तर ती सांगायला आपणच जिना उतरू या.