अल्बम आला तो रविवार

“पुन्हा पुढं ढकलला,” हेडक्लार्क दारातूनच म्हणाला, आणि कवळीवाल्याला आतून गुदगुल्या झाल्या.

तोंडावर त्यानं काही दाखवलं नाही. हातातल्या कवळीच्या दाढेवरून कानस फिरवत तो म्हणाला, “या वेळी काय निमित्त? म्हाताऱ्याला जुलाब लागले?”

“कव्हरचा रंग पसंत नाही म्हणे. कलावंत आहे तो. पाट्या टाकणाऱ्यातला नाही.”

“अकरा वर्षांत शेंबूडसुद्धा वाळतो, साहेब.”

हेडक्लार्क दुखावला. दुखावला की तो खालचा ओठ आत ओढून घ्यायचा, आणि तसा ओढला की त्याचे पुढचे दोन दात सशासारखे बाहेर यायचे. कवळीवाल्याला हे दृश्य फार आवडायचं. माणसाच्या डोळ्यांत काय आहे ते बघण्याच्या भानगडीत तो कधी पडला नव्हता. त्याचा सगळा कारभार तोंडाशी. दवाखान्याच्या मागच्या खोलीत, फळीवर मांडलेल्या प्लॅस्टरच्या जबड्यांसमोर बसून त्यानं उभं आयुष्य लोकांचे दात घडवण्यात घालवलं होतं, आणि त्यातून त्याचं एक पक्कं मत झालं होतं, की बहुतेक तोंडं उघडली नाहीत तर जगाचं काही बिघडणार नाही.

हेडक्लार्क जेवणाच्या सुट्टीत ऑफिसातून तसाच उठून आला होता. पांढऱ्या शर्टाच्या आतून काळा टी-शर्ट दिसत होता आणि त्यावरची चौघांची तोंडं पोटाच्या घेरामुळे आडवी ताणली गेली होती.

ते चौघं म्हणजे बँड. हेडक्लार्कसारखी त्यांची चाहते मंडळी शाळेत होती तेव्हा ते चौघं केस वाढवून, गिटारी बडवून, शाळा, बाप, ऑफिस आणि लग्न या चारही गोष्टींच्या नावानं बोंब मारत होते. ती बोंब ऐकून ज्यांच्या अंगावर काटा आला, ती पोरं पुढे निमूटपणे ऑफिसात चिकटली, लग्न करून मोकळी झाली आणि स्वतः बाप झाली. चौघांपैकी ड्रमवाला वारला. एक जण गुडघेदुखीच्या मलमाच्या जाहिरातीत दिसायचा. गिटारवाला स्वतःचा शोध घ्यायला डोंगरात गेला. दुर्दैवानं सापडला आणि परत आला. उरला गाणारा, ज्याला कवळीवाला म्हातारा म्हणायचा. तो अजून चामड्याची तंग पँट घालायचा आणि दर वर्षी नवा अल्बम येणार असं सांगायचा. कधी त्याचा घसा बसायचा, कधी कंपनीशी वाजायचं, कधी झालेलं सगळं रेकॉर्डिंग त्याला एका सकाळी टुकार वाटायचं.

आणि इकडे या चाहत्यांचं मंडळ एकमेकांकडे जमून वाट बघायचं. म्हाताऱ्यानं फोटोत निळी टोपी घातली, की हे आठवडाभर त्या निळ्याचा अर्थ लावत बसायचे. विमा एजंटानं तर एकदा टोपीच्या कलण्यावरून पहिल्या गाण्याचा विषय ओळखला होता. लायब्ररीतल्या बाई जुनी गाणी लागली की डोळे पुसायच्या, आणि पुसून झाल्यावर सगळ्यांनी बघितलं ना, याची खात्री करून घ्यायच्या.

“तुम्हाला एवढा त्या लोकांचा तिटकारा आहे, तर जाता कशाला हो?” बायको त्याला विचारायची.

“शिव्या घालायला कोणीतरी नको का?”

“घरी आहे की मी.”

“तू उलट्या घालतेस.”

हे निम्मं खरं होतं. उरलेलं निम्मं त्यानं कधी कोणाला सांगितलं नाही. अवहेलनेलाही गिऱ्हाईक लागतं, आणि त्याची दखल घेऊन रागावणारी माणसं त्याला दुसरीकडे कुठे मिळणार होती?

एकच माणूस त्याच्या तावडीतून सुटलेला होता. बॉयलर. दोघं शाळेत एका बाकावर बसायचे. चौघांचा पहिला अल्बम त्यांनी बॉयलरच्या घरी, त्याच्या थोरल्या भावाच्या टेपरेकॉर्डरवर, दाराला आतून कडी घालून ऐकला होता. बाहेरून त्याचा बाप दार बडवत होता आणि आत दोघं त्या बडवण्याच्या तालावर नाचत होते. पुढे बॉयलर कापड रंगवण्याच्या कारखान्यात बॉयलरवर लागला आणि तिथेच राहिला. हाक मारायचं नाव तेव्हापासून तेच. कारखान्यातल्या त्या खोलीच्या आवाजात शेजारच्याला काही सांगायचं तर हातवारे करावे लागत.

पण हल्ली बॉयलरही बिघडला होता. पूर्वी कवळीवाला काही खवचट बोलला, की पहिलं हसू त्याचं यायचं. गेली दोनएक वर्षं तो कोपऱ्यात बसून नुसता मंद स्मित करायचा, कोणी काही म्हटलं की मान डोलवायचा. ‘संपला,’ कवळीवाल्यानं मनात ठरवून टाकलं होतं. ‘हाही भजनी लागला.’

आणि मग, कोणाच्या ध्यानीमनी नसताना, अल्बम खरंच आला.

हेडक्लार्कनं रविवारी सकाळी सगळ्यांना घरी बोलावलं. अल्बम घरी कोणी आधी ऐकायचा नाही, एकत्रच ऐकायचा, अशी त्यानं प्रत्येकाकडून कबुली घेतली होती. सोफ्यावरचं प्लॅस्टिकचं आवरण लग्नानंतर बहुधा प्रथमच निघालं होतं. पडदे ओढलेले. पुरुषभर उंचीचे दोन स्पीकर. हेडक्लार्कची बायको चहाची भलीमोठी किटली आणि बिस्किटं खिडकीपाशी ठेवून माहेरी निघून गेली होती. कवळीवाल्याला तिच्याबद्दल आदर वाटला.

“कोणी बोलायचं नाही,” हेडक्लार्कनं बजावलं. “खोकायचंसुद्धा नाही. आपण अकरा वर्षं...”

“लावा आता,” कवळीवाला म्हणाला. “नाहीतर म्हातारा विचार बदलेल.”

गाणी सुरू झाली. लायब्ररीतल्या बाईंनी पहिल्या ठोक्यालाच रुमाल काढला. विमा एजंट डोळे मिटून हवेत गिटार वाजवत होता; त्याची बोटं विम्याचे अर्ज भरल्यासारखी हलत होती. हेडक्लार्क हात जोडायचाच काय तो बाकी होता. कवळीवाला हातांची घडी घालून बसला होता आणि एकेका गाण्यागणिक सुखावत होता. वाटलं होतं त्याहून वाईट होतं. बाहेर पडल्यावर कुठून सुरुवात करावी, हाच प्रश्न.

तेवढ्यात त्याचं लक्ष बॉयलरकडे गेलं.

बॉयलर मान डोलवत होता. पण गाणं संथ, आणि मान भलत्याच वेगात. गाणं संपलं, दुसरं सुरू व्हायचं होतं, खोलीत टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता, आणि बॉयलर डोलतोच आहे. मग त्यानं हळूच हेडक्लार्ककडे पाहिलं, तो थांबलेला दिसला, तसा हाही थांबला.

कवळीवाल्याच्या डोक्यात तिडीक गेली. बाकीचे निदान मनापासून मूर्ख होते. हा ढोंगी निघाला. ज्या माणसानं कधीकाळी दाराच्या ठोक्यांवर नाचून दाखवलं, त्याला ताल कळत नाही? भक्तांना बरं वाटावं म्हणून मुंडी हलवतोय!

शेवटचं गाणं संपलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बॉयलरच्या टाळ्या क्षणभर मागाहून आल्या. मग एकेकाला मत विचारण्याचा कार्यक्रम झाला. बाईंना साक्षात्कार झाला होता. विमा एजंटाचं म्हणणं होतं की निळ्या टोपीचा अर्थ आता लागला. हेडक्लार्कनं बॉयलरच्या गुडघ्यावर थाप मारून भुवया उंचावल्या.

“मस्त,” बॉयलर म्हणाला. “अगदी पहिल्यासारखं.”

आणि चहा घ्यायला खिडकीकडे वळला.

“पहिल्यासारखं?” कवळीवाला ताडकन उठला. “पहिल्यासारखं काय, रे? लाज नाही वाटत? या येड्यांचं सोड, तू तरी खरं बोल!”

बाईंचा रुमाल हवेत थांबला. बॉयलर पाठमोरा उभा राहून कपात साखर ढवळत होता.

“तुझ्याशी बोलतोय मी!” कवळीवाला त्याच्या पाठीशी जाऊन ओरडला. “बहिरा झालास का?”

बॉयलरनं चमचा शांतपणे बशीत ठेवला, एक बिस्कीट निवडलं, वळला, आणि इतक्या जवळ उभ्या असलेल्या मित्राला पाहून दचकला. सांडलेला चहा त्याच्या मनगटावरून खाली ओघळला. मग त्यानं सगळ्यांची तोंडं पाहिली.

“काय झालं?” त्यानं विचारलं.

कवळीवाल्याला एकदम कळलं. बॉयलरची नजर त्याच्या डोळ्यांवर नव्हती, ओठांवर होती. जन्मभर दुसऱ्यांच्या तोंडाकडे बघणाऱ्या त्याला, हा दोन वर्षं आपल्या तोंडाकडे बघतोय हे दिसलं नव्हतं.

“काही नाही,” तो म्हणाला, नीट तोंड उघडून. “चल. सिगरेट आणू.”

दोघांनीही सिगरेट कधीच सोडली होती.

कोपऱ्यावरच्या बसथांब्याच्या बाकावर ते बसले. रविवार असल्यामुळे रस्ता रिकामा होता. अल्बमचं कव्हर बॉयलर हातातच घेऊन आला होता.

“कधीपासून?” कवळीवाल्यानं विचारलं.

“माझ्याकडे वळून बोल. आणि असं तोंड फाडून नको, नेहमीसारखं बोल. तुझं तोंड पाठ आहे मला. बाकीच्यांचं निम्मं कळतं, आणि तेवढं पुरतं.” त्यानं कान चोळला. “आधी बारीक आवाज गेले. मग हळूहळू सगळेच. दोन वर्षं झाली असतील. यंत्र आणलं होतं कानातलं. भांड्यांची मांडणी कोसळल्यासारखं वाटतं. टाकून दिलं.”

“मला सांगितलं नाहीस.”

“तुला सांगितलं असतं तर हेडक्लार्कला कळलं असतं. त्यानं मला मधे बसवून दोन मिनिटं शांतता पाळली असती.”

कवळीवाल्याला हसू आलं, आणि आलं म्हणून स्वतःचा राग आला.

“मग येतोस कशाला दर वेळी?”

“कुठे जाऊ?” बॉयलर म्हणाला. मग कव्हरवरच्या म्हाताऱ्याच्या फोटोवर त्यानं बोट आपटलं. “ऐकू येत होतं तेव्हा घसा बसला होता याचा. ऐकू येत होतं तेव्हा कंपनीशी भांडत होता. हरामखोर. मी म्हणायचो, घरी, एकटाच, की बाबा, आता काढ रे, निम्मं ऐकू येतंय तोवर काढ. सगळं गेलं, आणि याला कव्हरचा रंग पसंत नव्हता.”

तो हे सगळं जरा जास्तच मोठ्यानं बोलत होता. समोरच्या गॅलरीतली बाई वाकून बघायला लागली. कवळीवाल्यानं तिच्याकडे असं पाहिलं की ती आत गेली.

“कसा आहे?” बॉयलरनं विचारलं.

“काय?”

“अल्बम. ते सगळे मस्त म्हणतात. मस्त म्हटल्यावर मला काय कळणार? तू सांग. तू शिव्या घातल्यास की मला बरोबर कळतं काय वाजलं असेल.”

कवळीवाल्यानं खिशात हात घातले, काढले. आयुष्यात पहिल्यांदाच कोणी त्याला त्याचा धंदा करायला सांगत होतं.

“पहिलं गाणं,” तो म्हणाला. “ड्रमवाल्याच्या जागी त्याचा पुतण्या घेतलाय. शिकवणीला उशीर झालेल्या पोरानं जिना उतरावा तसा वाजवतो. धाडधाड, आणि शेवटच्या पायरीवर अडखळतो.”

बॉयलरनं मांडीवर बोटांनी वाजवून पाहिलं. धाडधाड, आणि अडखळला. “असं?”

“त्याहून गचाळ. हां, असं.”

“दुसरं?”

“दुसऱ्यात गिटारवाला डोंगरातून आणलेलं ज्ञान पाजळतो. एकच सूर धरून बसलाय. दाताच्या डॉक्टरकडे भूल उतरलेल्या पेशंटच्या ‘आ’सारखा. आत्ता सोडेल, मग सोडेल, सोडतच नाही.”

बॉयलर खदखदून हसला. ते हसू कवळीवाल्यानं दोन वर्षांत ऐकलं नव्हतं. त्याला हुरूप आला. तिसऱ्यात म्हाताऱ्यानं पोरींचा घोळका मागे गायला ठेवलाय, म्हणजे त्याचं खोकणं कळू नये. चौथं म्हणजे त्यांच्याच जुन्या गाण्याला उलटा शर्ट घालून उभं केलंय. बॉयलरनं कुठलं ते लगेच ओळखलं, आणि दोघं मिळून त्यावर तुटून पडले. पाचव्यात जगाच्या शांतीचा संदेश होता. तो त्यानं म्हाताऱ्यासारखे गाल आत ओढून, डोळे मोठे करून, बाकावर उभं राहून करून दाखवला. हसता हसता बॉयलरच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. एक बस आली, ड्रायव्हरनं बाकावर उभ्या असलेल्या पन्नाशीच्या माणसाकडे पाहिलं आणि न थांबताच पुढे निघून गेला.

“आणि सहावं?” बॉयलरनं डोळे पुसत विचारलं.

कवळीवाला खाली बसला.

सहाव्यात बाकी कोणी नव्हतं. पुतण्या नाही, पोरी नाहीत. म्हातारा एकटा. आवाज वर चढवायला गेला आणि फाटला; त्यानं तो परत घेतला नाही, झाकला नाही, फाटका आवाज तसाच घेऊन पुढे गेला, एखादा माणूस तुटकी चप्पल हातात धरून उरलेला रस्ता चालतो तसा.

“सहावं,” कवळीवाला म्हणाला.

बॉयलर त्याच्या ओठांकडे बघत होता. ओठ उघडले. काहीतरी घाणेरडं, काहीतरी जिव्हारी लागणारं त्यानं शोधलं. अकरा वर्षं साठवलेलं एवढं सगळं होतं, त्यातलं काहीच हाताला लागेना. ओठ मिटले, पुन्हा उघडले, आणि त्यांतून काही आलं नाही.

बॉयलरनं कव्हर उलटं करून मांडीवर ठेवलं.

“असं होय,” तो मग म्हणाला, अगदी हळू. हे वाक्य त्याला मोठ्यानं बोलावंसं वाटलं नाही.

त्यानं डोकं मागे थांब्याच्या खांबाला टेकलं आणि डोळे मिटून घेतले. आता कोणालाच त्याला काही सांगता येणार नव्हतं. दुसरी बस आली, दारं उघडून थोडा वेळ थांबली. कवळीवाल्यानं त्याच्या खांद्याला हात लावला नाही. ड्रायव्हरला त्यानं मानेनंच जायला सांगितलं.