चादरीचा नियम

मी तिसरीला नागरिकशास्त्र शिकवते, तेही पुस्तक मिटून. आमच्या मुख्याध्यापिका, म्हणजे मोठ्या बाई, याला खेळखंडोबा म्हणतात. आज त्या तास बघायला येणार होत्या. पटलं नाही तर सोमवारपासून या तासाला गणित. मला काडीची धास्ती नव्हती.

खेळ साधा. वर्गाने जुन्या चादरीच्या कडा धरायच्या, मधे चेंडू ठेवायचा आणि तो न पाडता मैदानापलीकडच्या भिंतीपर्यंत न्यायचा. नियम मुलांनीच हात वर करून ठरवायचे. मलाही मत एकच.

काल याच नियमाने माझी जिरवली. वर्गातली सगळ्यांत बुटकी मुलगी चिमणी. तिच्या बाजूला चादर उतरते आणि चेंडू तिथूनच पडतो. मुलांनी मतं घेऊन तिला बाहेर बसवलं. विरोधात दोनच हात, तिचा आणि माझा. असा संताप आला! पण नियम माझाच, आपलेच दात आणि आपलेच ओठ.

आज मोठ्या बाईंनी चिमणीला पायरीवर एकटी बसलेली पाहिलं. हेच का तुमचं नागरिकशास्त्र, असं मला सगळ्यांदेखत विचारून त्यांनी तिला खेळात घ्यायचा हुकूम सोडला. आमचा आगाऊ वकील, वय वर्षं आठ, शांतपणे म्हणाला, "मोठ्या बाई, इथे हुकूम चालत नाही. मत द्यावं लागतं."

तास गेलाच म्हणायचा.

तेवढ्यात चिमणी उठली. चादर सगळ्यांनी गुडघ्याएवढी खाली धरायची आणि कुणालाच बाहेर काढायचं नाही, असा नियम तिने मांडला. उंच मुलं चादर एवढी वर का धरतात, हे काल कुणी विचारलं का, असा तिचा सवाल होता. वकिलाने डोकं खाजवलं आणि हात वर केला. मग बाकीच्यांनी केले. मोठ्या बाईंनीही केला, तेव्हा मुलांनी त्यांच्याही हातात एक कोपरा दिला.

निम्म्या वाटेवर त्यांची कंबर भरून आली. त्या सरळ उभ्या राहिल्या, कोपरा वर गेला आणि चेंडू समोरच्या बाजूने खाली पडला. कुणी हसलं नाही. ओशाळून त्या चादर सोडायला लागल्या.

"कुठे निघालात?" चिमणीने चेंडू उचलत विचारलं. "आता कुणालाच बाहेर काढत नाहीत. धरा परत."

त्यांनी धरली आणि भिंतीपर्यंत वाकूनच चालल्या. तिथे टेकून दम खात मला म्हणाल्या, "गणिताला मी दुसरा तास शोधते."