पायलीचा नकार

मी पायली, धान्य मोजायचे जुने माप, बोलतेय. माझ्या कथेचे मुरगुडात दोन पाठ प्रचलित आहेत. एकात मला न्यायला आलेली गाडीच सुरू झाली नाही. दुसऱ्यात माझे मालक पार्श्वनाथअण्णा यांना त्यांच्या वडिलांनी स्वप्नात येऊन दटावले. दोन्ही पाठ चमत्कारावर उभे आहेत. मला ते मान्य नाहीत. घडले ते माणसांनी घडवले.

मलकापूरच्या लोहाराने लोखंडी पत्रा वळवून मला घडवले. अण्णांच्या धान्यदुकानात मापटे आणि चिपटे या धाकट्या भावंडांसह मी पिढ्यांचा शाळू, म्हणजे रब्बीची ज्वारी, मोजला. पहिल्या मापाला ‘एक’ म्हणत नसत, ‘लाभ’ म्हणत. लाभ म्हटल्यावर मोजणी मध्येच मोडायची नाही, हा दुकानाचा कुळाचार. पुढे किलोचे काटे आले आणि मी माळ्यावर पालथी पडले. पालथी, निकामी नव्हे.

मला खाली काढले अण्णांच्या सुनेने, ऐश्वर्याने. शेजारची वर्षाराणी कोल्हापुरातल्या दवाखान्यात मुलाखतीला जाणार होती. रुग्णांना भेटीची तारीख-वेळ इंग्रजीत सांगायची, आणि कशाला ॲट, कशाला ऑन, कशाला इन, तिथेच तिची जीभ अडखळे. ऐश्वर्याने आम्हाला ओळीने मांडले.

“घड्याळातली वेळ चिपट्यात, तिला ॲट. वार, तारीख मापट्यात, त्यांना ऑन. महिना, वर्ष पायलीत, इन.”

वर्षाराणी शब्द उच्चारी आणि त्या त्या मापात शाळूची मूठ टाकी.

मुलाखत दुसऱ्या दिवसावर आली आणि हॉटेलवाले हंबीरराव दारात उभे राहिले. हॉटेलात शोभेला मांडायला आम्हाला देण्याचा शब्द अण्णांनी त्यांना दिला होता.

“गिऱ्हाइकं असल्या जुन्या मापांसंगं फोटू काढत्यात, अण्णा.”

“न्या की. आता ह्यांस्नी कोण इचारतंय?”

विचारणारी समोर बसली होती! मी शोभेसाठी जन्मले नव्हते. पण पत्र्याला पाय नसतात.

वर्षाराणीने मूठ उचलली. “लाभ! इन जून!” आणि दाणे माझ्यात खणखणले.

अण्णांचा पुढे झालेला हात थांबला.

“बसा पावणं. लाभ म्हटलंय, आता मधीच मोडायचं न्हाय. च्या घ्या.”

“आणि संपणार कवा?”

“पायलीत अख्खं वरीस मावतंय, पावणं,” वर्षाराणी म्हणाली. “भरंपातूर बसा की!”

अण्णा खो-खो हसले. “ऐश्वर्या, पावण्यांस्नी आणि एक कप!”

दुसरा कप रिचवून हंबीरराव रिकाम्या हाताने उठले. “लई पोचलेल्या हाईत ह्या पोरी,” एवढेच म्हणाले.

पुढच्या सोमवारी वर्षाराणी दवाखान्यात कामावर रुजू झाली. त्याच सकाळी तिची सासू तानाबाई इंग्रजी शिकायला माझ्यासमोर मांडी घालून बसली, शाळूची मूठ भरली आणि म्हणाली, “लाभ!”