पाठीवरचे सत्तर

प्रमिलाच्या पाठीवरचा सत्तरचा आकडा मी पहिल्यांदा पाहिला तो आमच्या सारंगखेड्याच्या घरात, टीव्हीवर, आणि माझ्याबरोबर तो निम्म्या गल्लीने पाहिला. एकट्याने पाहिला असता तर मी गप्प बसलो असतो. गप्प बसणं मला जमतं.

प्रमिला माझी बायको. त्या दिवशी ती युरोपात, उत्तरेकडच्या एका शहरात होती. त्या शहराचं नाव तिला सहज म्हणता येतं, मला अजून येत नाही. तिथे वयस्क खेळाडूंच्या आंतरराष्ट्रीय उन्हाळी स्पर्धा चालू होत्या आणि ती पाच हजार मीटर चालण्याच्या शर्यतीत उतरली होती. रक्तात साखर वाढली म्हणून डॉक्टरांनी तिला चालायला सांगितलं, तेव्हापासून ती रोज सकाळी तापीच्या पुलावर चालू लागली. नंदुरबारच्या खेळाच्या शिक्षिका रिना मॅडम यांनी तिला एकदा एसटीच्या खिडकीतून पाहिलं. त्या पुढच्या थांब्यावर उतरल्या, तिच्यामागे चालू लागल्या आणि त्यांनाच दम लागला. पुढचं सगळं त्यांनी केलं. परदेशी त्याच तिला घेऊन गेल्या. मलाही चला म्हणाल्या होत्या. मी शहाद्याच्या एका शाळेत ग्रंथपाल होतो. जगाचे नकाशे मी जन्मभर पुसून, गुंडाळून ठेवले. प्रत्यक्ष विमानाची वेळ आली तेव्हा मी गुडघे दुखतात असं सांगितलं. 

तिकडून तिचा रोज व्हिडिओ कॉल यायचा. ती अहिराणीत बोलते. मीही घरात लहानपणी तीच बोललो, पण नोकरीत पुस्तकी मराठीची सवय लागली ती सुटली नाही.

"आयकतस का?" ती सुरुवात करायची. "आठे केळी फुकट देतस! पेटीच्या पेटी ठेयेल शेत. मी नही खादी. फुकट काबरं देतस?"

मला तिचा संशय पटला. मीही खाल्ली नसती.

नव्वदीची एक बाई शंभर मीटर धावली, आणि धावण्याआधी तिने आरसा काढून ओठ रंगवले, हे तिने सांगितलं. रात्रीच्या जेवणानंतरही सूर्य मावळत नाही, म्हणून झोपताना ती डोळ्यांवर पदर बांधते. धोतरासारखं काहीतरी गुंडाळलेला एक म्हातारा भाला फेकून झाल्यावर सगळ्यांच्या गळ्यात पडला. त्याच्या वाटेतून ती वेळेवर बाजूला झाली. रिना मॅडमनी तिचं पाचकाचं चूर्ण काढून घेतलं होतं, कारण तिथे लघवी तपासतात आणि चूर्णात काय काय आहे ते चूर्णवाल्यालाही माहीत नसतं. आणि तिथे लोक भेटले की आधी वय विचारतात. एका बाईला पंचाहत्तरावं लागलं तर ती नाचली, कारण आता ती वरच्या गटात गेली आणि त्या गटात तीच सगळ्यांत तरुण.

"आठे म्हातारपनले मान शे," प्रमिला म्हणाली. मी हसलो होतो.

शर्यत आपल्याकडच्या दुपारी होती. माझी सून चेतना हिने मोबाइल टीव्हीला जोडला. समोरच्या किराणा दुकानाचे भीकमचंद शटर अर्धं ओढून आले, त्यांच्या पत्नी इचरजबाई खाकऱ्यांचा डबा घेऊन आल्या. मग गल्लीतली आणखी दहा-पंधरा माणसं आली. इचरजबाईंनी प्रमिलाला लांब काळ्या चड्डीत आणि टी-शर्टात पाहिलं आणि त्या थोडा वेळ पंख्याकडे पाहत राहिल्या.

सुरुवातीच्या रेषेवर सगळ्या बायका पाठमोऱ्या उभ्या राहिल्या. प्रत्येकीच्या पाठीवर कापडाचा तुकडा टाचलेला होता. प्रमिलाच्या पाठीवर सत्तर लिहिलेलं.

"हाऊ तिना नंबर शे का?" भीकमचंदांनी विचारलं.

"नाही काका, नंबर पुढे छातीवर असतो," चेतना सरळपणे म्हणाली. "मागे वयाचा गट असतो. सत्तर ते चौऱ्याहत्तर."

भीकमचंदांनी खाकरा तोंडाजवळ नेला होता, तो तसाच राहिला. "नाना, तुम्हनं वय कितलं?"

"अडुसष्ट."

"आनि भाभीनं?"

 याला उत्तराची गरज नव्हती. प्रमिला माझ्याहून दोन वर्षांनी लहान, हे सगळ्या गल्लीला माहीत होतं. आमच्या लग्नाच्या बोलणीत तेच सांगितलं होतं. म्हणजे सहासष्ट. सहासष्टची बाई सत्तरीच्या गटात शिरली तर तिला सोपं जाणार, हे कळायला खेळातलं ज्ञान लागत नाही. भीकमचंद फक्त "बरं, बरं" म्हणाले. त्यांच्या दुकानात एखाद्याने खोटी नोट दिली की ते असंच "बरं, बरं" म्हणतात.

शर्यत सुरू झाली. मी पडद्याकडे पाहत होतो, पण डोक्यात वेगळंच चक्र चालू होतं. गेल्या वर्षी प्रमिला ललितला, म्हणजे आमच्या मुलाला, घेऊन तीन दिवस माहेरी गेली होती. भावाला भेटायला, म्हणाली होती. आल्यावर पासपोर्टचं काम निघालं. शाळेचा दाखला, आधार दुरुस्ती, सगळं ललितने सुरतहून परस्पर केलं. एरवी घरातला प्रत्येक कागद माझ्यासमोर येतो, तो आला नाही. मी विचारलं नाही, कारण विचारलं की आपण संशय घेतोय असं दिसतं. आता वाटू लागलं, तिथे कुणी वय वाढवून दिलं असेल का? रिना मॅडमनी? त्यांना शिष्य जिंकायला हवे असतात. माझा ललित? तो लहानपणापासून आईचंच ऐकतो.

चालण्याच्या शर्यतीची रीत चेतना समजावत होती. एक पाय तरी सतत जमिनीला लागलेला हवा, आणि पुढचा पाय टेकताना गुडघा ताठ. ते पाहायला मैदानाच्या कडेने पंच उभे असतात. ते चेहरा पाहतच नाहीत, फक्त पाय पाहतात. शंका आली तर पिवळी पाटी दाखवतात. तीन पंचांनी लाल कार्ड दिलं की माणूस बाहेर.

"म्हनजे निस्ता संशय लेवाना धंदा," भीकमचंद म्हणाले.

प्रमिला चौथी होती. कंबर डावी-उजवीकडे हलत होती, हात कोपरात मोडून चालत होते, चेहरा भाकरी थापताना असतो तसा. इतक्यात टोपीवाल्या एका पंचाने वाकून तिच्या पायांकडे पाहिलं आणि पिवळी पाटी वर केली.

गल्ली खवळली. "मन्हा दुकानमा येवू द्या त्याले, मंग दखाडस," भीकमचंद म्हणाले. इचरजबाईंनी त्या पंचाला मारवाडीत काहीतरी सुनावलं. एक जण म्हणाला की गोऱ्यांचं हे नेहमीचंच आहे.

मी एकटाच गप्प होतो, आणि गप्प का होतो ते लिहायला मला संकोच वाटतो. तिला लाल कार्ड मिळावं असं मला वाटत होतं. तिने वय वाढवून सांगितलं असेल तर तिला काही मिळू नये. शर्यत अर्ध्यात सुटली तर कुणी काही तपासणार नाही, कुणी काही विचारणार नाही, ती घरी येईल आणि पुलावर चालेल. जिंकली तर मात्र तो आकडा कायमचा तिच्या पाठीवर राहील. प्रत्येक फेरीला मी पंचाच्या हाताकडे पाहत होतो. सगळं घर तिच्यासाठी ओरडत होतं आणि तिचा नवरा पंचाच्या बाजूने होता.

तिला एक लाल कार्ड मिळालं. दुसरं मिळालं नाही. शेवटच्या फेरीत पुढची उंच बाई वाकडी होऊ लागली आणि प्रमिला तिच्या बाजूने निघून गेली. तिसरी आली. ब्राँझ.

चेतना रडायला लागली. कुणीतरी पुलावरून मिरवणूक काढायची म्हणालं, कुणी घोडा आणायचं म्हणालं. आमच्या गावात घोड्यांचा बाजार भरतो, घोड्याला तोटा नाही. त्या गोंधळात भीकमचंद माझ्याजवळ सरकले आणि हळू आवाजात म्हणाले, "नाना, वाईट नका मानू. पन पदक वापस लेतस का हो? वयनं काही निंघनं ते?"

हळू म्हणाले, तरी पहिल्या दोन रांगांनी ऐकलं. घोड्याची गोष्ट तिथेच थांबली.

तेवढ्यात फोन वाजला. मी तो घेऊन मागच्या अंगणात गेलो, दार लोटलं. प्रमिलाचा चेहरा लाल झाला होता, केस कपाळाला चिकटले होते. मागे कुठल्या तरी देशाची बाई केळं खात होती.

"जेवनात का?" प्रमिलाने विचारलं.

"प्रमिला," मी म्हणालो, "तुझं वय किती?"

तिने कपाळावरचे केस मागे सारले. 

"सत्तर," ती म्हणाली.

"खरं?"

"आठे मी खोटं नही बोलनू. तठेच बोलनू, लगीनमा."

मग तिने सांगितलं. बोलणी चालली होती तेव्हा तिच्या वडिलांना कळलं की मुलगा दोन वर्षांनी लहान आहे. "बाप बोलना, पोऱ्या बारीक शे, पुस्तक वाचत बसस. पोर मोठी शे समजनं ते सोयरीक मोडी जाई." आणि मुलगा तिने पाहिला होता आणि सोयरीक मोडू नये असं तिलाही वाटत होतं, हे ती अगदी सहज, मैदानावरच्या गलक्यात, घाम पुसत म्हणाली. तेच खोटं वय पुढे मतदारयादीत गेलं, आधारवर गेलं. रिना मॅडमनी बजावलं की तिथे खरंच वय चालतं, तेव्हा ती माहेरी जाऊन शाळेतून खऱ्या वयाचा दाखला घेऊन आली.

"मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही कव्हय इचारं? तुम्हीच सांगेत, तुले काय समजस, तू बारीक शे."

बारीक म्हणजे लहान; हे मी म्हणत असे. खूपदा.

"प्रमिला, इथे सगळ्यांना वाटतंय तू तिथे वय वाढवून सांगितलंस."

तिचा चेहरा उतरला. एवढा वेळ चालूनही उतरला नव्हता तेवढा. "मंग?" एवढंच ती म्हणाली.

मी फोन चालूच ठेवून दार उघडलं. समोर पंधरा-वीस माणसं खाकरे हातात धरून माझ्याकडे पाहत होती. मला चार माणसांत बोलता येत नाही. माझ्या निवृत्तीच्या समारंभात मी आभाराची दोन वाक्यं कागदावर लिहून नेली होती आणि तीही वाचली नाहीत. त्यातून हे सांगायचं म्हणजे, नवरा लहान आणि बायको मोठी, एवढी वर्षं एका घरात, आणि त्या शहाण्याला पत्ता नाही. न सांगितलं तर पदक खोटं ठरणार होतं.

"प्रमिला सत्तरची आहे," मी म्हणालो. आवाज फुटला, म्हणून पुन्हा म्हणालो. "ती माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी आहे. पहिल्यापासून. मला आज कळलं."

 भीकमचंद माझा चेहरा निरखू लागले. सहासष्टचं खरं की सत्तरचं, हे ते ठरवत होते. मी नजर खाली घेतली नाही, निदान तसा प्रयत्न केला. मग एवढी लाजिरवाणी गोष्ट कुणी उगाच रचणार नाही, असं त्यांना वाटलं असावं. ते हसायला लागले. आधी पोट हललं, मग खांदे, मग सगळी ओसरीच.

"नाना! म्हनजे घरमा बारीक तुम्हीच शेतस!"

"ओ माय!" इचरजबाई एकदम उभ्या राहिल्या. त्या अडुसष्टच्या, माझ्याच वयाच्या. "इतला वरीस दर दिवाळीले ती मन्हा पाय पडनी! मी मोठी शे समजीसन आशीर्वाद देत बसनू! येवू द्या तिले घर!"

फोनमधून प्रमिलाचा हसण्याचा आवाज आला. एवढ्या मोठ्याने हसताना मी तिला फार दिवसांत ऐकलं नव्हतं.

"आते चहा कोन ठेई?" भीकमचंदांनी विचारलं. "बारीक मानूसनं काम शे ते."

मी चहा ठेवायला आत गेलो. साखर कुठे असते ते मला माहीत नव्हतं, आणि ते चेतनाला विचारण्याऐवजी मी फोन कानाला लावून प्रमिलालाच विचारलं.