नवी मेलेली दाई

कपडे धुण्याच्या दुकानात ओट्याखाली मुंग्यांचं घर होतं. त्या सकाळी बाळांच्या खोलीला ओल आली, म्हणून तिथली दाई भिंतीमागे बघायला गेली. बघते तर काय, नळ फुटलेला आणि पाणी चिरेतून आत सरकतंय! ती जिवाच्या आकांतानं परत फिरली, आणि घाईत एका कुजलेल्या झुरळावरून घसरून पार लडबडली.

आता मुंग्यांचा भरवसा डोळ्यांवर नसतो, वासावर असतो. जिच्या अंगाला मेल्याचा वास, ती मेलेली. मग ती चालो, बोलो की गाणं म्हणो.

दारातच उचलीमावशीनं तिची कंबर पकडली. मेलेल्यांना उचलून खिडकीच्या कट्ट्यावरच्या ढिगावर टाकणं, हे तिच्यासारख्या उचलीमावश्यांचं काम.

"अगं सोड! नळ फुटलाय, बाळं बुडतील!"

"हो हो," मावशी चालता चालता म्हणाली. "नवे मेलेले फार बडबडतात. होईल सवय."

"मी मेले नाहीये!"

"सगळे असंच म्हणतात, बाई."

मावशीनं तिला ढिगावर टाकलं. दाई उठून धावली. मावशीनं पुन्हा धरलं, पुन्हा टाकलं. "काय चिवट मढं आहे!"

दाईनं स्वतःचा पाय चाटून पाहिला. वास हटेना. सगळं अंग स्वच्छ करेपर्यंत संध्याकाळ झाली असती. मावशीची पाठ वळताच ती आडवाटेनं आत शिरली.

खोलीत पाणी आलं होतं. पण तिला पाहून बाकीच्या दायाच पळाल्या. "मढं आलं गं, मढं!" एवढी बाळं एकटी कशी उचलणार? आणि मेलेलीचं ऐकणार कोण?

मग तिनं ते केलं, जे कुठल्याच दाईनं कधी केलं नव्हतं. ती बाळांच्या अंगावर लोळली. एकेका गोऱ्यापान, झोपलेल्या बाळाला तिनं मरणाचा वास चोळला.

"उचलीमावश्यांनो, धावा!" दारातून दायांनी हंबरडा फोडला. "बाळं मेली!"

मावश्या धावल्या. रडत, नाक ओढत एकेक बाळ उचलून कट्ट्यावर नेऊ लागल्या. पाणी गुडघ्याला लागलं, पोटाला लागलं. शेवटी उचलीमावशीनं दाईलाच ओढून बाहेर काढलं. मागे खोली भरली.

कट्ट्यावर दाईनं पहिलं बाळ जवळ घेतलं आणि चाटू लागली. वास गेला तसं बाळ वळवळलं. एका दाईनं किंचाळून त्याला छातीशी धरलं. मग दुसरं. मग तिसरं.

उचलीमावशीनं ते पाहिलं. मग ती खाली वाकली आणि दाईची पाठ चाटू लागली.

"बोल," ती हळूच म्हणाली. "आत कोणी राहिलं का?"

"कोपऱ्यातली दोघं. त्यांना वास चोळायला पोचलेच नाही मी."

मावशीनं चाटणं थांबवलं नाही.