सहा काजांचा खांदा

मोबाइलवर आलेला निरोप मास्तरांनी तीनदा वाचला आणि तिन्ही वेळा नाक मुरडलं. 'उद्या दुपारी चार वाजता स्पोर्ट्स मसाज. सैल, चटकन काढता येतील असे कपडे घालावेत. टी-शर्ट किंवा बनियन चालेल. खांदे आणि पाठ मोकळी करता आली पाहिजे.'

"बघ," त्यांनी मोबाइल बायकोसमोर धरला. "चाळीस वर्षं लोकांना कपडे घालतोय मी. आता मालिशवाली मला शिकवणार काय घालायचं ते."

"मालिशवाली नाही, थेरपिस्ट." बायको इस्त्री करत होती, तिनं मान वर केली नाही. "आणि ती शिकवत नाहीये. सांगतेय. बनियन घाला, वर एखादा जुना शर्ट अडकवा आणि जा."

"बनियन. उद्या म्हणशील, टॉवेल गुंडाळून जा."

"गेलात तर तिचं काम सोपं होईल."

मास्तरांचं टेलरिंगचं दुकान घराच्याच पुढच्या खोलीत होतं, त्यामुळे असले संवाद गिऱ्हाइकांच्या कानावर पडत आणि गिऱ्हाइकं त्याचा आनंद लुटत. त्या दिवशी दुकानात कुणी नव्हतं हे त्यातल्या त्यात बरं. टी-शर्ट हा शब्द निघाला की मास्तरांच्या जिभेला धार चढे. टी-शर्टला ते कपडा मानतच नसत. पोत्याला तीन भोकं पाडली की टी-शर्ट होतो, त्याला ना बाहीचा मुंढा, ना कॉलर, ना लाज, असं ते सांगत. आणि ऐकणारा टी-शर्ट घालूनच समोर उभा असला तर जरा जास्तच सविस्तर सांगत.

पण जाणं भाग होतं. शनिवारी क्रीडा मंडळाच्या हॉलमध्ये साठीपुढच्यांच्या बॅडमिंटनची दुहेरीची अंतिम लढत होती. मास्तर आणि त्यांचे व्याही, म्हणजे मुलीचे सासरे, सात वर्षं जोडीनं खेळत होते आणि सात वर्षांत पहिल्यांदाच इथवर पोचले होते. अशात मास्तरांचा उजवा खांदा आखडला. हात कानापर्यंत जाई आणि तिथून पुढं, दारात अडलेल्या कपाटासारखा, ढिम्म हलत नसे. संघाची नावं गुरुवारी संध्याकाळपर्यंत द्यायची होती. तोवर हात वर गेला नाही, तर व्याह्यांना दुसरा जोडीदार घ्यावा लागणार होता. दातांचा एक डॉक्टर त्या जागेवर डोळा ठेवून दोन महिने हॉलमध्ये घिरट्या घालत होता.

व्याह्यांबद्दल मास्तरांचं मत खासगीत ऐकण्यासारखं होतं. बँकेतून निवृत्त झालेला हा माणूस डोक्याच्या पट्टीपासून बुटांच्या नाडीपर्यंत तयार माल अंगावर चढवून येई. छातीवर एका कंपनीचं नाव, पाठीवर दुसरीचं, मनगटावर तिसरीचं. दोन्ही बाजूंना विजांसारखे पिवळे पट्टे. मास्तर त्यांना 'फलक' म्हणत. "आमचा फलक आला का गं?" असं ते मुलीला फोनवर विचारत, आणि मुलगी बिचारी सासऱ्यांच्या घरातून हळू आवाजात "बाबा, पुरे" म्हणे. मास्तर स्वतः मात्र खेळायलासुद्धा घरी शिवलेला, कॉलरचा, अंगाला बेतून बसणारा पांढरा शर्ट घालत. त्याच्या खांद्यावर कधी चुणी दिसली असेल तर शपथ.

का दिसत नसे, हे फक्त बायकोला ठाऊक होतं. चाळीस वर्षं मशीनवर एका अंगानं वाकून मास्तरांचा डावा खांदा उजव्यापेक्षा चांगला दोन बोटं खाली उतरला होता. गिऱ्हाइकांचे असे कितीतरी खांदे त्यांनी कापसाचं पॅड घालून एका रेषेत आणले होते. स्वतःचाही आणला होता. प्रत्येक शर्टाच्या डाव्या खांद्याखाली आतून एक पॅड, चार टाक्यांनी धरलेलं. शर्ट धुवायला टाकताना काढायचं, इस्त्री झाली की पुन्हा टाचायचं. दुसऱ्याचं व्यंग झाकताना ज्या हातांत माया असते, तेच हात स्वतःचं झाकू लागले की चोरासारखे वागतात. मास्तर ते पॅड दुकानाचं दार लोटून टाचत.

म्हणून निरोपातला 'पाठ' हा शब्द त्यांनी बघून न बघितल्यासारखा केला. "दुखतोय उजवा खांदा. पाठीचा काय संबंध?" म्हणाले आणि मशीनवर बसले.

चार तासांत त्यांनी जे शिवलं, ते खरोखर बघण्यासारखं होतं. शर्ट नेहमीसारखाच, बसता. पण उजव्या खांद्यावरची शिलाई मानेपासून मुंढ्यापर्यंत उघडी ठेवून तिला आत पट्टी लावलेली, वर सहा काजं, सहा बारीक बटणं. बटणं काढली की खांदा तेवढा बाहेर, बाकी माणूस आपला झाकलेला. काजं त्यांनी हातानं भरली. डावीकडचं पॅड न विसरता टाचलं.

बायकोनं शर्ट उचलून खिडकीच्या उजेडात धरला. तिला काम कळत होतं. क्षणभर तिच्याही डोळ्यांत कौतुक आलं, पण तिनं ते तिथंच आवरलं.

"छान आहे," ती म्हणाली. "आता दवाखान्यात जाताना बुटाला एक खिडकी पाडा. डॉक्टरला अंगठा दाखवायला."

"तू गप्प बस."

"मी गप्पच आहे. तो डावा खांदा किती बोलतोय बघा."

दुसऱ्या दिवशी चारच्या ठोक्याला मास्तर त्या खोलीत बसले होते. अरुंद पलंग, त्याच्या एका टोकाला तोंड घालायचं भोक, कोपऱ्यात टॉवेलांची चळत, आणि मध्ये एक पडदा. मास्तरांनी आधी पडद्याची दुमड तपासली. वाकडी होती. एका बाजूला चार बोटं, दुसऱ्या बाजूला तीन. ज्यांना पडदा सरळ शिवून घेता येत नाही ते माणूस काय सरळ करणार, असा विचार करून त्यांना जरा बरं वाटलं.

थेरपिस्ट तिशीची असावी. बारीक चणीची, पण हात कणीक तिंबणाऱ्याचे. तिनं शर्टाकडं बघितलं, सहा बटणांकडं बघितलं.

"हे कुठं मिळतं काका?"

"मिळत नाही. शिवावं लागतं," मास्तर म्हणाले. गेल्या चार दिवसांत त्यांना इतकं समाधान झालं नव्हतं.

तिनं बटणं काढली, खांद्यावर अंगठे रोवले, हात धरून फिरवला. कानापाशी हात अडला. पुन्हा दाबलं, पुन्हा उचलला, पुन्हा तिथंच. मग ती दोन पावलं मागं सरून त्यांच्याकडं बघत राहिली.

"गंमत आहे. खांद्यात फारसं काही नाहीये. कुठून तरी ओढ बसतेय. पण दोन्ही खांदे तर एका रेषेत दिसतायत. शर्ट काढा काका, पाठ बघते."

"दुखणं खांद्याचंच आहे. इथं. या बोटाखाली."

"तुम्ही म्हणत असाल तर इथंच दाबून देते. अर्धा तास बरं वाटेल." ती टॉवेल झटकत होती, आवाजात राग नाही, आग्रहही नाही. "शनिवारी हात वर जाईल असं मात्र मी सांगणार नाही."

दुकानात असली गिऱ्हाइकं रोज येत. छातीवर चुणी पडते म्हणून बोट ठेवून सांगत, मास्तर, इथं जरा दाबून द्या. आणि मास्तर त्यांना आडवंतिडवं बोलत. चुणी इथं दिसते म्हणून चूक इथं असते का? मुंढा चुकलाय, तो उसवावा लागेल, शर्ट काढून ठेवा आणि उद्या या. जो ऐकत नसे त्याला ते मूर्खांच्या वहीत टाकत. आज तेच त्या पलंगाच्या कडेला बसून चुणीवर बोट ठेवत होते.

त्यांना डोळ्यांसमोर दातांचा डॉक्टर दिसला, त्यांच्या जागेवर उभा, पांढऱ्याशुभ्र दातांनी हसणारा.

त्यांनी पुढची बटणं काढायला घेतली. दुसऱ्यांच्या अंगावरचे हजारो शर्ट उतरवलेल्या त्या बोटांना स्वतःची सात बटणं काढायला बराच वेळ लागला. तिनं शर्ट हातातून घेऊन खुंटीला अडकवला. तिथंही त्याचा डावा खांदा ताठ उभा राहिला, आतला माणूस निघून गेला याची खबर नसल्यासारखा. त्याच्यासमोर मास्तर उघडे बसले होते, एका बाजूला कलंडलेले.

तिनं एकदा शर्टाकडं बघितलं, एकदा त्यांच्याकडं.

"हां," ती म्हणाली. "आता कळलं. पालथे झोपा."

बस, एवढंच. मास्तर हसण्याची वाट बघत होते, कीव येण्याची वाट बघत होते. त्यासाठी दोन खोचक उत्तरंही त्यांनी तोंडात तयार ठेवली होती. ती तशीच त्या भोकात गेली, कारण पुढच्याच क्षणी तिनं डाव्या खांद्याच्या फऱ्याखाली कोपर रोवलं आणि मास्तरांच्या तोंडून शब्द फुटेनासा झाला. पाऊण तासानं त्यांना बसवून तिनं उजवा हात उचलला. कान ओलांडून तो सरळ वर गेला. मास्तर त्या हाताकडं बघत राहिले, जणू दुसऱ्याच कुणाचा.

"शनिवारी खेळा," पाठीवर रुंद चिकटपट्टी लावत ती म्हणाली. "ही पट्टी तोवर काढायची नाही. आणि हिच्यावर ते टाचलेलं पॅड नको, बसता शर्टही नको. सैल टी-शर्ट घाला. असेलच की घरात एखादा."

घरात एकही नव्हता.

गुरुवारी नाव गेलं, दोघांचंच. शुक्रवारभर मास्तरांनी टी-शर्ट विकत घ्यायचा विषय टाळला, आणि शनिवारी सकाळी हॉलच्या कपडे बदलायच्या खोलीत व्याह्यांसमोर येऊन उभे राहिले. मोठ्या कष्टानं म्हणाले, "तुमच्याकडं जादाचा एखादा असेल का?"

व्याह्यांनी काही न विचारता पिशवीतून एक घडी काढली. नवाकोरा, पिवळे पट्टे, विजा, सगळं. अगदी त्यांच्या अंगावर होता तसाच.

"दोन वर्षं घेऊन फिरतोय," ते म्हणाले. "जोडी सारखी दिसावी म्हणून घेतला होता. पण तुमची जीभ माहीत आहे मला. धाडस झालं नाही."

मास्तर शर्ट काढून उभे होते, पॅडविना, पाठीवर पट्टी. त्यांनी घाईनं टी-शर्ट डोक्यातून घातला. डावी बाही खाली लोंबली.

"बाही लोंबतेय," ते म्हणाले. "माल चांगला नाही."

"माल चांगलाय. तुमचा डावा खांदा उतरलाय."

मास्तरांनी मान वर केली.

"अहो, सात वर्षं मी तुमच्या डाव्या बाजूला उभा राहतोय," व्याही खाली वाकून नाडी बांधत म्हणाले. "तिकडं तुम्हाला वळता येत नाही म्हणूनच ना? नाहीतर मला काय हौस आहे, सगळ्या उलट्या हाताच्या शटल मी घ्यायच्या?"

मास्तर टी-शर्टची काख उलटून शिलाई बघू लागले.

"तिसऱ्या धुण्यात उसवेल ही," शेवटी म्हणाले. "तुमचीही उसवली असणार. दोन्ही आणून टाका दुकानात. दुहेरी शिलाई मारून देतो."

"आणि नावं ठेवणार?"

"नावं तर ठेवणारच."

दोघं कोर्टवर आले तेव्हा बाकावर बसलेल्या बायकोनं नवऱ्याला वरपासून खालपर्यंत बघितलं, पट्टे, विजा, लोंबती बाही, सगळं.

"आता दोन फलक झाले," ती शेजारी बसलेल्या मुलीला म्हणाली, मास्तरांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात. मास्तरांनी ऐकलं. पहिली शटल त्यांच्या डाव्या अंगाला आली. ते जागचे हलले नाहीत आणि व्याह्यांनी ती परत धाडली. दुसरी उंच, उजवीकडं आली. मास्तरांनी हात वर केला.