ऋणनिर्देशाचं पान

मॅडमनी फळ्यावर प्रकल्पाचा सांगाडाच काढून दिला होता. प्रस्तावना, उद्दिष्टं, अभ्यासपद्धती, निष्कर्ष, संदर्भ. "मुलाखत देणाऱ्यांची नावं ऋणनिर्देशात घ्या," असंही बजावलं होतं.

मी निष्कर्ष चार वेळा फाडून लिहिला. ऋणनिर्देश मात्र गेल्या वर्षीच्या प्राचीच्या फाइलमधून सरळ उचलला. इंदापूरला आमच्या कॉलेजात सगळे तेच करतात, नावं बदलायची की झालं. ते पान कोण मरायला वाचतंय!

माझे वडील, आप्पा, वाचणार होते, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. मेंढरं राखणारं आमचं घर भवानीनगरजवळ उसाच्या शेतीत कसं आलं, हा माझा विषय. तीन रविवार बांधावर बसून आप्पांनीच सगळं सांगितलं. शेवटचा कळप विकल्याचं सांगताना त्यांनी तोंड फिरवलं. मग लाजत विचारलं, "सुकन्या, ह्यात माझं नाव येनार का गं?"

"येणार तर! छापून."

दोन प्रती बांधून घेतल्या आणि एसटी स्टँडवर पान उघडलं. 'माझे दिवंगत वडील हिंदुराव यांनी दिलेल्या माहितीमुळे...' वडील गेले होते ते प्राचीचे. मी नाव बदललं, शब्द तसाच राहिला. धावत परत जाऊन कॉलेजची प्रत दुरुस्त करून घेतली. घरच्या प्रतीचं उद्या बघू म्हटलं, कारण शेवटची गाडी सुटत होती. माझा आळस, दुसरं काय.

घरी आप्पांनी हात पुढं केला, प्रत घेतली, परत माझ्याकडं दिली. "वाच." चौथी शिकलेले आप्पा आता वाचत नाहीत, असं मला वाटायचं. मी तो शब्द गाळून वाचलं. त्यांचा चेहरा असा फुलला की मला रडू आलं. प्रत त्यांनी धोतरात गुंडाळून पेटीत ठेवली.

दुसऱ्या दिवशी मागितली तर म्हणाले, "ऱ्हाऊ दे की, माझी हाय ती." पुढं पाहुणे आले की मला हाक मारायचे. मी पेटीकडं निघाले की म्हणायचे, "पेटी कशाला? पाठ हाय न्हवं तुला? म्हन." मी म्हणायचे, शब्द गाळून. ते मान डोलवायचे.

प्रकल्पाला पन्नासपैकी सत्तेचाळीस मिळाले. 'मांडणी नेटकी' असा शेरा होता.

पौषात आप्पा उसाला पाणी देताना कोसळले ते उठलेच नाहीत. दहावं झाल्यावर मी पेटी उघडली.

'दिवंगत'वर पेन्सिलीची रेघ होती. शेजारी चौथीतल्या पोरासारख्या मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'अजून हाय'. खाली मी वाचून दाखवलं त्याच दिवसाची तारीख. म्हणजे मी ते पान बघू नये, मला वाईट वाटू नये, म्हणून त्यांनी वर्षभर पेटी उघडू दिली नव्हती.

आता पान बरोबर करायचं तर आप्पांचीच रेघ पुसावी लागेल. मी ती पुसणार नाही. चूक राहू दे.